'कळलं' म्हणणाऱ्या ज्युनिअरला घरबसल्या शिकवायचं कसं?

प्रश्न: मी एका अकाउंटिंग फर्ममध्ये मॅनेजर आहे. चार नवे ज्युनिअर लागलेत, चौघंही घरून काम करतात. काम समजावून दिलं की 'हो, कळलं' म्हणतात, मधे काही विचारत नाहीत, आणि शेवटच्या दिवशी फाईल येते तेव्हा निम्मं काम मलाच नव्याने करावं लागतं. यांना शिकवायचं कसं? आणि डेडलाईन उद्यावर आली असेल तर चुका मी दुरुस्त करायच्या की फाईल परत पाठवायची?

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. तो प्रश्न पडला म्हणजे गडबड आठवडाभर आधीच होऊन गेलेली असते, तेव्हा आधी त्या आठवड्याबद्दल बोलू.

मी या कामात १९ वर्षं आहे. त्यातली १२ दुसऱ्यांच्या फायली तपासण्यात गेली. २०२० मध्ये सगळे एकदम घरी बसले तेव्हा माझ्या हाताखालीही तीन नवी मुलं होती, आणि तुमच्यासारखीच मीही रात्री बसून त्यांची कामं निस्तरत होते. त्यातल्या एकाला बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपली पुस्तकं बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवायचं काम, दिलं होतं. दोन दिवस त्याचा मेसेज एकच, 'काम चालू आहे'. तिसऱ्या दिवशी मीच कॉल लावला. पुस्तकं आणि बँकेचं स्टेटमेंट यांत ३६० चा फरक राहिला होता आणि पोरगा पहिल्या पानापासून एकेक नोंद तिसऱ्यांदा टिक करत बसला होता.

मी सवयीने म्हटलं, "नऊने भाग जातोय बघ. आकडे उलटे पडलेत." ३६० भागिले ९, चाळीस. म्हणजे शतक आणि दशकाच्या जागेवरचे अंक एकमेकांच्या जागी गेलेत आणि त्या दोन अंकांत ४ चा फरक आहे. ४ आणि ८, ५ आणि ९, असं काहीतरी शोध. (४० चे ४०० पडले तरी फरक ३६० च येतो, ते आधी बघून घेतलं. तसं काही नव्हतं.) पाच मिनिटांत त्याला ६,८४० ची ६,४८० म्हणून टाकलेली नोंद सापडली. मग जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मॅडम, हे कुठे लिहिलेलं असतं?"

लिहिलेलं असेलही. मी ते वाचलं मात्र कधीच नव्हतं. पहिल्या नोकरीत माझ्या मागच्या टेबलावरचा सिनिअर दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता, ते माझ्या कानावर पडलं. फरकाची निम्मी रक्कम शोधायची, कारण नावेची नोंद जमेला पडली तर फरक दुप्पट दिसतो, हेही असंच ऐकलेलं. आपल्या धंद्यातलं निम्मं ज्ञान असं कानावर पडूनच आलेलं असतं. आपल्याला कुणी शिकवलं हे आठवत नाही, म्हणून ते वेगळं शिकवावं लागतं हेही लक्षात येत नाही. घरून काम सुरू झालं आणि मागचं टेबलच गेलं.

तेव्हा तुमची चौघं आळशी आहेत किंवा खोटं बोलतात असं धरून चालू नका. 'कळलं' म्हणतात तेव्हा त्यांना खरंच तसं वाटत असतं. काय कळलं नाही हे कळायलाही थोडं काम येत असावं लागतं.

घरून काम केल्याने उत्पादकता वाढते, हे सांगताना चीनमधल्या सीट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरमधल्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली होती. आकडा सगळ्यांना पाठ असतो. प्रयोगात येण्यासाठी कंपनीत किमान सहा महिने झालेले असले पाहिजेत ही अट होती, ती मात्र कुणी सांगत नाही. तुमच्या चौघांना त्या प्रयोगात घेतलंच नसतं. दुसरा एक अभ्यास सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा आहे, नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस यांचा. टीमबरोबर एकाच इमारतीत बसणाऱ्यांना आपल्या कामावर जास्त सूचना मिळत होत्या, नव्यांना तर विशेषच. पण त्याच वेळी अनुभवी लोकांचं स्वतःचं काम कमी होत होतं. हे दुसरं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑफिसमध्येही शिकवणं फुकट होत नव्हतं, सिनिअरचा वेळ जातच होता, फक्त तो कुठल्या टाइमशीटवर दिसत नव्हता. घरून काम सुरू झाल्यावर सिनिअर खूश झाले की आता कुणी मधे मधे येत नाही. तो वाचलेला वेळ आता तुम्ही रात्री फायली दुरुस्त करताना फेडताय.

लेखापरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये आयएसए २२० आहे. त्यात टीमच्या बाबतीत तीन गोष्टी सांगितल्यात: दिशा देणं, देखरेख करणं आणि तपासणं. १५ डिसेंबर २०२२ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या कालावधींना लागू झालेल्या सुधारित रूपात तर पार्टनरचा सहभाग कामाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवा यावर भर आहे. आपण बहुतेक जण घरून काम करताना तिसरी गोष्ट तेवढी करतो. पहिल्या दोन ऑफिसच्या भिंती करत होत्या.

मी जो बदल केला तो एकच, बाकी सगळं त्यातून निघालं. तपासणीतला निम्मा वेळ उचलून कामाच्या पहिल्या दोन तासांत नेला.

काम देताना वीस-पंचवीस मिनिटांचा कॉल. त्यात हे काम कशासाठी आहे, पूर्ण झाल्यावर ते कसं दिसतं (मागच्या वर्षीची फाईल उघडून), कागद कुठून मिळणार, आणि कुठल्या ठिकाणी पोचलास की थांबून मला विचारायचं, एवढं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. 'अडलं तर विचार' या वाक्याला काही अर्थ नाही, कारण नवा माणूस अडतच नाही. तो चुकीच्या दिशेने सुसाट जातो. त्याऐवजी मी ठिकाण सांगते: "देणेकऱ्यांची यादी खतावणीशी जुळली नाही तर पुढे जायचं नाही." "नव्वद दिवसांपेक्षा जुनी बाकी दिसली की तिथे थांब."

आणि कॉल संपवताना 'कळलं का?' हा प्रश्न मी सोडून दिला. त्याचं उत्तर जगात सगळीकडे 'हो' हेच असतं. मी विचारते, "आता कॉल ठेवल्यावर पहिली कुठली फाईल उघडशील? मग काय करशील?" तो सांगायला लागतो आणि तिसऱ्या वाक्याला अडखळतो. ते अडखळणं मला तेव्हाच हवं असतं.

मग पहिल्या दहा नोंदी. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तशी. काम दिल्यावर दोन तासांनी पुन्हा कॉल, आणि स्क्रीन त्याची, माझी नाही. माझ्या स्क्रीनवर मी भराभरा दाखवलं की ते त्याच्यासाठी जादूचे प्रयोग होतात. बघायला छान, हाताला काही येत नाही. माउस त्याच्या हातात, मी फक्त बघणार. पहिली पाच मिनिटं तोंड बंद ठेवायचं. हे जमायला मला वर्ष लागलं.

यातून काय दिसतं याचं एक उदाहरण. एका मुलीला येणेकऱ्यांची यादी रकमेप्रमाणे लावायची होती. तिने फक्त रकमांचा कॉलम निवडला आणि सॉर्ट केला. बाजूचे कॉलमही बरोबर घ्यायचे का असं एक्सेलने विचारलं, तिने सवयीने 'निवडलंय तेवढंच' हा पर्याय घेऊन पुढे ढकललं. क्षणात प्रत्येक नावासमोर दुसऱ्याची रक्कम. आणि बेरीज? बेरीज तंतोतंत तीच! तेरजेशी (सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या यादीशी) जुळणारी! ती फाईल शेवटच्या दिवशी माझ्याकडे आली असती तर मी आधी बेरीज बघितली असती, जुळली म्हणून पुढे गेले असते, आणि भलत्याच लोकांना बाकी कळवणारी पत्रं गेली असती. तयार कामात ही चूक दिसत नाही. ती होताना दिसते.

अशा हातातल्या चुका मी एका साध्या वहीत लिहून ठेवते आणि नवीन आलेल्याला पहिल्याच आठवड्यात करून दाखवते. एक्सेल पंधराच अंक धरतं, सोळा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून टाकला तर शेवटच्या अंकाचं शून्य होतं. दुसऱ्या सिस्टिममधून आलेल्या फाईलमध्ये ०४/०७ ही तारीख ४ जुलै आहे की ७ एप्रिल हे बघितल्याशिवाय कट-ऑफ (नोंद योग्य कालावधीत पडलीय का ते) तपासायचं नाही. गंमत अशी की बाराच्या पुढच्या तारखा बदलतच नाहीत, त्यामुळे महिन्याचा उत्तरार्ध बरोबर दिसतो आणि संशय येत नाही. फिल्टर लावलेल्या यादीवर पेस्ट करताना दोनदा विचार करायचा. यात हिशेबाचं शास्त्र काही नाही, पण नव्या माणसाच्या फाईलचे निम्मे घोळ इथेच असतात.

आता मधे विचारत का नाहीत त्याबद्दल. ऑफिसमध्ये मान वर करून सिनिअर फोनवर आहे की मोकळा आहे हे दिसतं. घरी त्याला फक्त तुमच्या नावापुढचा हिरवा ठिपका दिसतो. मेसेज टाकायचा म्हणजे लेखी कबुली, आणि तीही आपल्याला एक्सेल येत नाही याची. मग तो आधी इंटरनेटवर शोधतो, मग मित्राला विचारतो, मग अंदाजाने काहीतरी टाकून पुढे जातो. त्याच्यासाठी विचारणं स्वस्त करून द्यावं लागतं.

आमच्याकडे रोज ठरलेल्या वेळी तासभर एक कॉल चालू असतो. अजेंडा नाही. सगळे आपापलं काम करत बसतात, माइक बंद, ज्याला अडलं त्याने माइक सुरू करून विचारायचं. पहिले आठ दिवस स्मशानशांतता होती. मग मी आणि माझ्या जोडीच्या सिनिअरने मुद्दाम आपापसातले प्रश्न तिथे विचारायला सुरुवात केली. "अगं, या लीजमधली ही रक्कम तू कुठे धरलीस?" मला त्याचं उत्तर खरंच हवं होतं, आणि मॅडमनाही सगळं येत नाही हे मुलांना ऐकू जायलाही हवं होतं. दुसऱ्या आठवड्यात पहिला प्रश्न आला. मागचं टेबल परत आणायचा याहून बरा मार्ग मला सापडलेला नाही.

दुसरा नियम वीस मिनिटांचा. वीस मिनिटं स्वतः झगडायचं, एकविसाव्या मिनिटाला विचारायचं, आणि न विचारता दोन तास घालवले तर ती चूक धरली जाईल. प्रश्नाबरोबर मी काय करून बघितलं आणि मला काय वाटतं ही दोन वाक्यं लिहायची. पण ही अट पहिल्या महिन्यात लावू नका. नव्या माणसाला प्रश्न नीट मांडायलाही येत नसतो. त्याचं 'हे कसं करायचं?' तसंच घ्या. नाहीतर ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुम्हीच लावाल.

कॅमेरा सतत सुरू ठेवायला लावणं, माउस हलतोय का हे मोजणारं सॉफ्टवेअर टाकणं, हे मला पटत नाही. ते तीन वेळा टिक करणारं पोरगं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये अत्यंत मेहनती दिसलं असतं.

रिव्ह्यू नोट्सवर, म्हणजे फाईल तपासताना आपण लिहितो त्या शेऱ्यांवर, मात्र मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घरून काम करताना शिकवण्याचं मुख्य साधन तेच उरतं आणि आपण ते सगळ्यात वाईट वापरतो. मी स्वतः वर्षानुवर्षं 'तपासा', 'आधार?', नुसतं '??' असं लिहीत आले. समोर बसलेल्या माणसाला '??' चा अर्थ माझ्या चेहऱ्यावरून कळत होता. घरी बसलेल्याला त्यातून एवढंच कळतं की मॅडम चिडल्यात. आता माझी नोट साधारण अशी असते: 'नोंद ४७. दुरुस्तीचा खर्च म्हणून धरलाय, पण बिलात पूर्ण मोटर बदलल्याचं लिहिलंय. यंत्राचं आयुष्य याने वाढतंय का ते बघ आणि तुझं मत दोन ओळींत लिही. याच खात्यात आणखी दोन बिलं अशी आहेत, ती तू शोध.' शेवटचं वाक्य बघा. एकाच प्रकारच्या चुका सात असतील तर मी एक दाखवते, बाकीच्या त्याने शोधायच्या. सातही खुणा करून दिल्या तर तो सात दुरुस्त्या करतो आणि आठवी पुढच्या महिन्यात करतो.

नोटपुढे मी 'अट' किंवा 'सूचना' लिहिते. अट म्हणजे हे चूक आहे, बदललंच पाहिजे. सूचना म्हणजे मी असं केलं असतं, तुझं राहू दे. हा फरक न केल्यामुळे कितीतरी मुलांना वाटतं की आपल्याला काहीच येत नाही, आणि अर्ध्या नोट्स साहेबांना कुठला फाँट आवडतो याबद्दलच्या असतात. नोटचं उत्तर ज्युनिअरने लिहायचं, बंद मात्र सिनिअरने करायची. आणि नव्या माणसाची पहिली फाईल नुसती पाठवून देऊ नका. आधी कॉल, त्यावर नोट्स एकत्र वाचा, मग पाठवा. लिहिलेला शब्द वाचताना आपल्या मनात असतो त्यापेक्षा कडक वाटतो.

वर्किंग पेपर (केलेल्या तपासणीची लेखी नोंद) कसा लिहायचा हे सांगायला मी आयएसए २३० ची कसोटी वापरते. या कामाशी आधी काहीही संबंध नसलेल्या अनुभवी लेखापरीक्षकाला नुसती फाईल वाचून काय केलं, काय सापडलं आणि निष्कर्ष कसा काढला हे कळलं पाहिजे. घरून काम करताना ही कसोटी खरोखर लावता येते. एकाचा पेपर दुसऱ्या ज्युनिअरला द्यायचा आणि त्याने तो मला समजावून सांगायचा. लिहिणारा मधे बोलणार नाही. 'मला वाटलं ते समजेल' हे वाक्य दोन आठवड्यांत बंद होतं.

पण आकडे जुळवायला शिकवणं हा सोपा भाग आहे. संशय घ्यायला शिकवणं अवघड, आणि तिथे घरून काम खरंच आड येतं. नव्या मुलाने क्लायंटचं गोदाम बघितलेलं नसतं, मूळ कागद हातात घेतलेला नसतो, प्रश्न विचारल्यावर कॅशिअर कसा चुळबुळतो हे पाहिलेलं नसतं. त्याच्यासाठी क्लायंट म्हणजे पीडीएफचं फोल्डर. पीडीएफ आली की पुरावा मिळाला असं त्याला वाटतं. क्लायंटने पाठवलेलं बँक स्टेटमेंट आणि बँकेने थेट आपल्याला दिलेली खात्यातल्या शिलकीची खातरजमा या दोन्हींचं वजन एकच नाही, हे सांगावं लागतं आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

एकदा एका मुलाने एका पुरवठादाराची पाच बिलं तपासली. रक्कम बरोबर, कर बरोबर, मंजुरीची सही आहे, पाचही टिक. मी ती पाचही बिलं स्क्रीनवर शेजारी शेजारी लावली आणि म्हटलं, "काय दिसतंय?" काही दिसेना. "नंबर वाच." १०१, १०२, १०३, १०४, १०५. "तारखा वाच." पहिलं आणि शेवटचं यांत आठ महिने. मग मी नुसती थांबले. वीसेक सेकंदांनी तो म्हणाला, "म्हणजे आठ महिन्यांत यांनी दुसऱ्या कुणालाच बिल दिलं नाही?" एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. छोटा माणूस असेल, त्याचं एकच गिऱ्हाईक असेल, क्लायंटप्रमाणे वेगळी मालिका ठेवत असेल. पण प्रश्न विचारायला हवा, आणि तो बिलं एकेक करून बघणाऱ्याला कधीच सुचला नसता. त्या दिवशी मी 'हे संशयास्पद आहे' असं आधीच लिहून पाठवलं असतं तर त्याला एक उत्तर मिळालं असतं. ते वीस सेकंद मिळाले नसते.

म्हणून आठवड्यातून एकदा मी माझं स्वतःचं काम त्यांच्यासमोर करते, मोठ्याने विचार करत. एखादी तेरीज घेते, मागच्या वर्षीची शेजारी ठेवते आणि बोलत जाते: विक्री वाढलीय, मालवाहतुकीचा खर्च कमी झालाय, हे कसं? पगार तेवढाच, पण भविष्यनिर्वाह निधीची देणी दुप्पट दिसतायत, मागचे महिने भरायचे राहिलेत का? माझे निम्मे अंदाज चुकतात, तेही त्यांना दिसतं. रेकॉर्डिंग ठेवते, पण कबूल करते की ते फारसं कुणी बघत नाही.

क्लायंटच्या कॉलवर त्यांना घ्याच. ऑफिसमध्ये ते आपोआप शेजारी असायचे, आता निमंत्रण पाठवायचं विसरलं की संपलं. पहिले तीन कॉल टिपणं घ्यायची, चौथ्याला एक मुद्दा त्याने मांडायचा. कॉलनंतरची पाच मिनिटं कॉलपेक्षा मोलाची. क्लायंटने कुठल्या प्रश्नाला बगल दिली हे त्याला ओळखता आलं का, ते विचारा.

गुप्ततेचं थोडक्यात. क्लायंटचे कागद स्वतःच्या फोनवर घ्यायचे नाहीत, घरातल्यांबरोबर एकच लॉगिन वापरायचं नाही, क्लायंटचं नाव मोठ्याने घेऊन कॉल करायचा नाही. ऑफिसमध्ये हे वातावरणात असतं, घरी नसतं, म्हणून पहिल्या दिवशी शब्दांत सांगा. एकाने मला बिलांचे फोटो चॅटवर पाठवले होते. त्याला रागवायची सोय नव्हती, कारण मी कधी नको म्हटलंच नव्हतं.

तासांबद्दलही एक सांगते, त्यावर उघड कुणी बोलत नाही. नवी मुलं टाइमशीटवर तास कमी दाखवतात. काम सहा तासांचं होतं, आपल्याला अकरा लागले, तर आठ लिहितात आणि रात्री बसतात. ऑफिसमध्ये दिवे चालू दिसायचे, घरी दिसत नाहीत. मग तुम्हाला वाटतं काम आठ तासांचं आहे आणि पुढच्या वर्षीचं बजेट तुम्ही त्यावर बांधता. मी पहिल्याच दिवशी सांगते की जास्त तासांबद्दल कुणालाही बोलणार नाही, खोट्या तासांबद्दल बोलेन. आणि पहिला जो कुणी प्रामाणिकपणे अकरा लिहील त्याला खरोखर काही बोलत नाही. बाकीचे त्याच्यावर नजर ठेवून असतात.

आठवड्याला अर्धा तास प्रत्येकाशी एकट्याने बोला, फाईल न उघडता. 'कसं चाललंय?' विचारलं तर 'छान' येईल. मी विचारते, "या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?" एकदा उत्तर आलं, "सिस्टिमला लॉगिन करण्यात." तीन आठवडे त्या मुलीचं कनेक्शन दर वीस मिनिटांनी तुटत होतं आणि तिला वाटत होतं सगळ्यांचंच तसं होतं.

हे सगळं तुम्ही एकटीने किंवा एकट्याने करायचं नाही. चार जणांसाठी दोन-तीन वर्षं अनुभव असलेले दोघे नेमा. त्यांना आपलं अडखळणं अजून आठवत असतं, म्हणून ते माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. पण शिकवण्याचे तास त्यांच्या बजेटमध्ये धरा. तसं न करता 'जरा यांच्याकडे बघ' म्हणालात तर ते बघणार नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही.

जमत असेल तर पहिले दोन आठवडे आणि पहिलं वर्षअखेर एकत्र बसून करा. त्याच सीट्रिपचं, आता ट्रिप डॉट कॉम, २०२४ मध्ये आणखी एक संशोधन आलं. १,६०० च्या वर कर्मचारी, काहींना आठवड्यातले दोन दिवस घरून काम. त्यांच्यात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, बढत्यांवर परिणाम दिसला नाही. म्हणजे घरून काम बंद करा असं माझं म्हणणं नाही. मात्र सगळ्यांना ऑफिसला बोलावून दिवसभर हेडफोन लावून वेगवेगळ्या कॉलवर बसवायचं असेल तर त्यापेक्षा घरीच बरं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. डेडलाईन उद्या आहे, फाईल चुकलेली आहे. तुम्हीच दुरुस्त करा. क्लायंटचं काम हे शिकवणीचं मैदान नाही. पण एकट्याने रात्री करू नका. त्याला कॉलवर घ्या, स्क्रीन तुमची, प्रत्येक बदल करताना कारण बोला. तासभर जास्त लागेल. त्याच्या मूळ फाईलची प्रत बदल न करता बाजूला ठेवा. काम गेल्यावर दोन दिवसांनी ती प्रत त्याला द्या आणि त्यातला सगळ्यात जास्त चुकलेला एक भाग त्याला पुन्हा करायला सांगा, पाठ केलेल्या उत्तराशिवाय. तो जिथे पुन्हा अडेल, ते पुढच्या वेळी काम देताना सांगायचं थांबण्याचं ठिकाण.

आणि हे सुरू करायच्या आधी पार्टनरशी बोलून घ्या. पहिले दोन-तीन महिने तुमचे तास कमी न होता वाढतील, आणि ते आधी सांगितलेलं नसलं तर तिसऱ्या आठवड्यात तुम्हालाच जुन्या पद्धतीवर यायला लावतील. आमच्याकडे लावलं होतं. मी दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा आधी आकडे लिहून नेले होते, आदल्या तीन महिन्यांत मी रात्री किती तास फायली दुरुस्त केल्या त्याचे.